पुनर्वसन इमारतीत राहायला जाताना: चावी मिळाल्यापासून पहिल्या वार्षिक सभेपर्यंत

मुंबईत ज्याला सगळे ‘एसआरएची बिल्डिंग’ म्हणतात, त्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील इमारतीत मी गेली अकरा वर्षे राहतो आणि त्यांपैकी तीन वर्षे मी आमच्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. या काळात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांनी मला विचारलेले प्रश्न जवळपास तेच ते होते, आणि उत्तरे वेळेवर न मिळाल्यामुळे झालेले नुकसानही तेच ते होते. येत्या काही महिन्यांत ज्यांना ताबा मिळणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पात्रता, परिशिष्ट-२ (म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांची अधिकृत यादी) आणि अपील हा स्वतंत्र आणि मोठा विषय असल्यामुळे त्यात मी शिरत नाही. आपले नाव पात्र यादीत आहे, इमारत उभी राहिली आहे आणि आता प्रत्यक्ष सामान हलवायचे आहे, असे धरून पुढे लिहिले आहे.

आपण कोणत्या व्यवस्थेत राहायला जात आहोत, हे आधी थोडक्यात समजून घ्यावे. झोपडपट्ट्यांसंबंधीचा मूळ कायदा १९७१ चा आहे आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या अखेरीस सुरू झाले. विकासकाने रहिवाशांची घरे बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेल्या जादा बांधकामाची खुल्या बाजारात विक्री करून खर्च व नफा काढायचा, असा हा हिशेब आहे. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकाला घर विनामूल्य मिळते. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी २०२३ मध्ये अडीच लाख रुपये किंमत ठरवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ योजना कोणत्या काळातील आहे यावर ठरते: सुरुवातीच्या योजनांत ते २२५ चौरस फूट होते, २००८ पासून २६९ झाले आणि विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू झाल्यापासून ३०० चौरस फूट आहे. त्यामुळे पलीकडच्या इमारतीत मोठी घरे दिसली म्हणून लगेच भांडायला जाऊ नये. आधी आपल्या योजनेचे इरादापत्र, म्हणजे प्राधिकरणाने योजनेला दिलेले मंजुरीचे पत्र, पाहावे आणि त्यात लिहिलेले क्षेत्रफळ टेपने मोजून घ्यावे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. घर फुकट किंवा अल्प किमतीत मिळाले, तरी इमारत फुकट चालत नाही, आणि ती चालवण्याची जबाबदारी ताबा घेतल्यापासून हळूहळू पूर्णपणे आपल्याकडे येते. पुढचे बहुतेक टप्पे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिला टप्पा: ताब्याच्या दिवशी घर तपासणे

घरांचे वाटप साधारणपणे सोडतीने होते. सोडत लागली, मजला आणि घर क्रमांक कळला, की लोक आनंदाच्या भरात त्याच दिवशी ताबापत्रावर सही करून मोकळे होतात. सही करण्यापूर्वी निदान एक तास घरात थांबावे, आणि तेही दिवसाउजेडी. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिच्यात राहायला परवानगी देणारा दाखला, मिळाले आहे का, हे सर्वात आधी विचारावे आणि त्याची प्रत पाहावी, कारण ते नसेल तर पुढे वीज, पाणी आणि संस्थेची नोंदणी या सर्वच ठिकाणी अडचण येते.

मोरी आणि शौचालय यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी ताब्याच्या दिवशी नातवाच्या खिशातली काचेची गोटी काढून मोरीच्या फरशीवर सोडली. ती जाळीकडे जाण्याऐवजी घरंगळत उंबऱ्याशी येऊन थांबली. विकासकाचा माणूस हसला, पण काकूंनी सही केली नाही. आठ दिवसांत फरशी उखडून उतार नीट करून मिळाला. ज्यांनी गोटी सोडली नाही, त्यांच्यापैकी तिघांच्या घरात आजही आंघोळीचे पाणी खोलीत येते. गोटी नसेल तर तांब्याभर पाणी चारही कोपऱ्यांत ओतून पाहिले तरी चालते. शौचालयाची टाकी दोन-तीनदा सोडून पाहावी, प्रत्येक नळ पूर्ण उघडावा, खिडक्यांच्या सरकत्या काचा शेवटपर्यंत लावून कडी बसते का ते पाहावे, आणि ओट्याखालच्या पाइपाला हात लावून तो ओला आहे का हे तपासावे. बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूने पोपडे किंवा पिवळसर डाग असतील, तर मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

आढळलेले दोष तोंडी सांगू नयेत. साध्या कागदावर घर क्रमांक, तारीख आणि दोष लिहून दोन प्रती कराव्यात, एक विकासकाच्या कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच कागद नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि त्याची एक प्रत प्राधिकरणाच्या वांद्रे पूर्व येथील कार्यालयात आवक विभागात द्यावी. इमारतीतील गळतीच्या आणि बांधकामाच्या दोषांची दुरुस्ती ठरावीक काळ विकासकाने स्वतःच्या खर्चाने करायची असते. पण तो काळ सरल्यावर हातात लेखी काही नसेल, तर दोष मुळातला होता हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

ज्यांना संक्रमण काळाचे, म्हणजे झोपडी सोडल्यापासून नवे घर मिळेपर्यंतचे, भाडे विकासकाकडून मिळत होते, त्यांनी ताब्याच्या तारखेपर्यंतचा हिशेब त्याच दिवशी मांडून घ्यावा. एकदा चावी घेतली की थकलेल्या भाड्याविषयी बोलायला कोणी मोकळे नसते.

दुसरा टप्पा: कागदांची फाइल

एक प्लास्टिकची फाइल घ्यावी आणि ती घरातील किमान दोघांना माहीत असावी. तिच्यात वाटपपत्र, ताबापत्र, विकासकाशी केलेला करारनामा, परिशिष्ट-२ मधील आपल्या नावाचे पान, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, दोषांच्या अर्जाची पोच आणि संस्थेचे भाग प्रमाणपत्र (सदस्य असल्याचा दाखला) मिळेल तेव्हा ते, असे सर्व ठेवावे. जुन्या झोपडीचे पुरावे, म्हणजे फोटोपास (झोपडीधारकाला मिळालेले छायाचित्र असलेले ओळखपत्र), जुने वीजबिल, जुन्या मतदार यादीचा उतारा, हे आता निरुपयोगी झाले असे समजून लोक स्थलांतराच्या गडबडीत रद्दीत घालतात. ते कधीही टाकू नयेत. पात्रतेविषयी पुढे तक्रार झाली किंवा वारसाचा प्रश्न निघाला, तर हेच पिवळे पडलेले कागद कामी येतात.

पुनर्वसनाचे घर पती आणि पत्नी या दोघांच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद आहे. ताबापत्रावर आणि पुढे भाग प्रमाणपत्रावर दोन्ही नावे बरोबर आली आहेत का, आधार कार्डावरील स्पेलिंगशी जुळतात का, हे बारकाईने पाहावे. पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असा गोंधळ आमच्याकडे बऱ्याच घरांत निघाला आणि तो दुरुस्त करण्यासाठी नंतर राजपत्रापर्यंत जावे लागले. संस्था नोंदल्यानंतर नामनिर्देशनाचा अर्ज लगेच भरावा. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही आपोआप मालक होत नाही, वारसांचा हक्क वेगळा असतो, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगावे. एका मुलाचे नाव लिहिले म्हणून दुसऱ्याने वर्षभर अबोला धरल्याची उदाहरणे आहेत.

पत्ता बदलण्याचे काम कंटाळवाणे असले तरी पहिल्या तीन महिन्यांत संपवावे. आधी वीजबिल स्वतःच्या नावावर करून घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक ठिकाणी तोच पुरावा चालतो. त्यानंतर आधार, मग शिधापत्रिका आणि बँक, असा क्रम सोयीचा पडतो. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. पुनर्वसन त्याच भूखंडावर झाले असले तरीही पत्ता बदलतोच, कारण जुना चाळ क्रमांक आता अस्तित्वात नसतो. टपाल, कुरिअर आणि मुलांचे शाळाप्रवेश या सर्वांना नवा पत्ता लागतो.

तिसरा टप्पा: वीज, पाणी आणि गॅस

मुंबई शहरात वीज बेस्टची असते, उपनगरांत बहुतेक ठिकाणी खासगी कंपनीची आणि भांडुप-मुलुंड भागात महावितरणची. घरातील मीटर आपल्या घर क्रमांकाचाच आहे का, याची खात्री करण्यासाठी एक सोपी पद्धत आहे: घरातील मुख्य स्विच बंद करून कोणीतरी खाली मीटर रूममध्ये जाऊन आपल्या मीटरवरचा दिवा लुकलुकणे थांबले का ते पाहावे. आमच्या इमारतीत दोन शेजाऱ्यांची मीटर उलटसुलट जोडलेली होती, आणि रोज पहाटे गिझर लावणाऱ्याचे बिल सात महिने दुसराच माणूस भरत होता.

जिना, लिफ्ट आणि पंप यांचे वेगळे मीटर असते, त्याला सगळे कॉमन मीटर म्हणतात. बांधकामाच्या काळातील तात्पुरती जोडणीच पुढे चालू ठेवलेली असेल, तर तिचा दर घरगुती दरापेक्षा बराच जास्त असतो. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी निवासी दर लागू होतो. त्यामुळे पहिल्याच बिलावर ग्राहकाचे नाव आणि दराचा प्रकार वाचून घ्यावा आणि गरज असल्यास बदलाचा अर्ज द्यावा.

पाणी महापालिका ठरलेल्या वेळेलाच सोडते. ते आधी जमिनीखालच्या टाकीत येते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. वस्तीत असताना आपण सगळे पाण्याच्या वेळेला हंडे भरून ठेवत होतो, आणि इमारतीत आल्यावर चोवीस तास नळ चालतो या समजुतीने ती सवय सुटते. गच्चीवरची टाकी मात्र सगळ्यांची मिळून एकच असते. एका घरातला गळका नळ वरच्या मजल्याच्या पाण्यावर डल्ला मारतो, हे नव्या लोकांना पटायला थोडा वेळ लागतो. दोन्ही टाक्या वर्षातून किमान दोनदा धुऊन घ्याव्यात आणि त्यांची झाकणे कुलूपबंद असावीत. पाइपातून येणारा गॅस इमारतीत उपलब्ध असेल तर तो जरूर घ्यावा. सहाव्या मजल्यावर सिलिंडर चढवण्याची पाळी लिफ्ट बंद असतानाच का येते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

चौथा टप्पा: घर लावताना काय तोडू नये

तीनशे चौरस फुटांत पाच-सहा माणसांचे घर बसवायचे म्हटल्यावर भिंत सरकवण्याचा मोह होतोच. पुनर्वसनाच्या नव्या उंच इमारतींत अनेक भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्या असतात आणि संपूर्ण इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. अशा भिंतीला दार पाडणे म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांना धोका. भिंत कोणती आहे हे ठोकून कळत नाही. इमारतीच्या संरचना सल्लागाराचा नकाशा संस्थेकडे असतो, तो पाहिल्याशिवाय गवंडी बोलावू नये. जुन्या घरातल्यासारखा पोटमाळा येथे घालता येत नाही, कारण छताची उंची तेवढी नसते. भिंतीवरची कपाटे, खाली कप्पे असलेला पलंग आणि घडीचे टेबल यांवरच भागवावे लागते.

मोरीची फरशी बदलणे हा सर्वात महागात पडणारा उद्योग आहे. फरशीखाली पाणी न झिरपण्यासाठी केलेला थर असतो; नवी चकचकीत टाइल बसवताना तो फुटतो आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. मग खालचे आणि वरचे कुटुंब एकमेकांशी बोलेनासे होते आणि भांडण सचिवाच्या दारात येते. टाइल बदलायचीच असेल, तर नवा थर घालून, मोरीत चोवीस तास पाणी साठवून, खालच्या घरी ओल दिसत नाही ना हे शेजाऱ्यांसह पाहून मगच वरची फरशी बसवावी.

खिडकीबाहेर लोखंडी जाळी काढून त्यात संसार मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. तुळशीची कुंडी ठेवायला हरकत नाही, पण पाण्याची पिंपे, जुन्या गाद्या आणि शिलाई मशीन त्या जाळीत ठेवल्या की वजन वाढते आणि घरात येणारा उजेडही अडतो. उजेडाचा मुद्दा मी हौसेने सांगत नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत या पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा दाटीवाटीने उभ्या इमारतींतील ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवरील घरे आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. आपली इमारत कशी बांधली, हे आपल्या हातात नव्हते. पण समोरासमोरची दारे-खिडक्या दिवसातून काही तास उघडी ठेवणे, स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणारा पंखा चालू ठेवणे, डक्टकडची (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेकडची) खिडकी सामान ठेवून बंद न करणे हे आपल्याला करता येते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

पाचवा टप्पा: देखभाल खर्च, म्हणजेच मेंटेनन्स

या टप्प्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पुनर्वसन इमारती येथेच बिघडतात.

विकासकाने प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम देखभालीसाठी प्राधिकरणाकडे जमा करायची असते आणि तिच्या व्याजातून इमारतीचा खर्च भागवावा अशी कल्पना आहे. बऱ्याच योजनांत ही रक्कम घरामागे ४०,००० रुपये होती. ‘आपले मेंटेनन्स बिल्डरने भरले आहे’, हे वाक्य याच रकमेवरून वस्तीभर पसरते. आता हिशेब करून पाहावा. ४०,००० रुपयांवर समजा ६ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला २,४०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला २०० रुपये. दोन लिफ्ट, दोन पंप, रात्रंदिवस वॉचमन, झाडूवाला, कॉमन मीटर आणि पाणीपट्टी असलेल्या कोणत्याही इमारतीचा खर्च घरामागे २०० रुपयांत बसत नाही. राहिलेली रक्कम सदस्यांनीच भरायची असते. शिवाय हे व्याज आपोआप येत नाही; संस्था नोंदलेली असावी लागते, तिचे बँक खाते आणि लेखापरीक्षण असावे लागते आणि प्राधिकरणाकडे चिकाटीने पाठपुरावा करावा लागतो.

आमच्या इमारतीची पहिली दोन वर्षे ‘बिल्डर बघेल’ यातच गेली. निम्मी घरे महिन्याचे ३०० रुपयेही देत नव्हती. मग एका मे महिन्यात पंपाची मोटर जळाली. गंगाजळीत चार हजार रुपये होते आणि मेकॅनिकने सांगितला तो आकडा त्याच्या कितीतरी पट. वर्गणी गोळा होऊन मोटर बसेपर्यंत पाच दिवस गेले, आणि त्या पाच दिवसांत सातव्या मजल्यावरच्या बायका पहाटे चारला उठून खालच्या टाकीतून कळशीने पाणी नेत होत्या. जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून घसरून एका आजोबांचा हात मोडला. त्या महिन्यानंतर आमच्याकडची वसुली सुधारली, हे खरे आहे. पण तेवढ्यासाठी मोटर जळण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

म्हणून नव्या कुटुंबाने घरखर्चाच्या यादीत मेंटेनन्स हा शाळेच्या फीइतका पक्का खर्च म्हणून पहिल्या महिन्यापासून लिहावा. रक्कम रोख न देता संस्थेच्या खात्यात जमा करावी, आणि रोख दिलीच तर क्रमांक छापलेली पावती घ्यावी. चिठोऱ्यावरची ‘मिळाले’ अशी सही ही पावती नव्हे. एखाद्या महिन्यात खरोखर अडचण असेल, तर समितीला लेखी कळवून हप्ते मागावेत. बहुतेक समित्या नाही म्हणत नाहीत. थकबाकी वाढत गेली, तर संस्थेला सहकारी संस्थांच्या निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून मालमत्तेवर कारवाई करता येते. मात्र थकबाकीदाराचे पाणी तोडण्याचा अधिकार समितीला नाही, आणि असा प्रकार झाल्यास निबंधकाकडे तक्रार करावी.

मालमत्ता कराविषयी एक दिलासा आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला आहे, त्यामुळे पुनर्वसनाची घरे त्यात येतात. तरीही इमारतीतील दुकाने किंवा गच्चीवरील मोबाइल टॉवर यांच्यापोटी देयक येऊ शकते. ते सर्वांच्या मेंटेनन्समध्ये वाटून टाकलेले नाही ना, हे पाहावे.

सहावा टप्पा: लिफ्ट, जिना आणि आग

लिफ्ट चालवण्यासाठी राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाचा परवाना लागतो आणि वार्षिक देखभालीचा करार करावा लागतो. विकासकाने केलेला पहिला करार कधी संपतो, ही तारीख सूचना फलकावर लिहिलेली असावी. लिफ्टमध्ये सिमेंटच्या गोणी आणि विटा नेणे, दार उघडे राहावे म्हणून चप्पल अडकवणे, मुलांनी सगळी बटणे दाबणे, या तीन कारणांनी लिफ्ट जितक्या वेळा बंद पडते तितकी ती यंत्राच्या दोषाने पडत नाही.

जिना आणि पॅसेज यांबाबत मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगाव पश्चिम येथील पुनर्वसन योजनेतील एका इमारतीला आग लागली आणि किमान सात जणांचा जीव गेला. खाली वाहनांच्या जागेत ठेवलेल्या कापडी मालाने पेट घेतला आणि धूर वरच्या मजल्यांवर पसरला, असे त्या वेळी समोर आले. आपल्या इमारतींत घरून चालणारे धंदे पुष्कळ असतात. पिको-फॉल, खोटे दागिने, पापड, शिवणकाम यांवर कुटुंबे चालतात, आणि ते बंद करा असे म्हणणे मला मान्य नाही. पण त्यांचा कच्चा माल जिन्याखाली, मीटर रूममध्ये किंवा पार्किंगमध्ये ठेवू नये. पॅसेजमध्ये चपलांचे कपाट, सायकल आणि जुने फ्रीज यांची रांग लागली की धुरात माणसाला जिना सापडत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, घ्यावे लागते. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. नव्या सदस्याने सचिवाकडे तो पाहायला मागावा. आपल्या मजल्यावरच्या लाल पेटीत रबरी नळी खरोखर आहे का, तिचे पितळी तोंड कोणी भंगारात विकलेले नाही ना, हे स्वतः उघडून पाहावे.

सातवा टप्पा: घर भाड्याने देणे आणि विकणे

ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच दलालांचे फोन सुरू होतात. पुनर्वसनाचे घर ठरावीक मुदतीपर्यंत विकता, भाड्याने देता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ही मुदत वाटपापासून दहा वर्षे होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पाच वर्षांवर आणण्याचा निर्णय घेतला. मुदत संपल्यावरही प्राधिकरणाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतेच. दलाल सुचवतो ती वाट, म्हणजे मुखत्यारपत्र करून पैसे घ्यायचे आणि कागद नंतर करायचे, ही दोन्ही बाजूंना बुडवणारी आहे. प्राधिकरण वेळोवेळी घरोघरी पाहणी करते आणि मूळ लाभार्थी राहत नसल्याचे आढळल्यास घर रिकामे करून घेण्याची कारवाई होऊ शकते. शिवाय एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला दुसऱ्या योजनेत पुन्हा घर मिळत नाही. गावी आजारपण निघाले आणि वर्षभर घर बंद ठेवावे लागले, तर संस्थेला तसे लेखी कळवून पोच ठेवावी.

आठवा टप्पा: पहिली वार्षिक सभा

संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदली जाते आणि तिची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. सभेला जाताना मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल वाचून जावे. तो आकड्यांनी भरलेला असला तरी चार ठिकाणी नजर टाकली तरी पुरे: विकासकाने भरलेल्या रकमेचे व्याज जमा झाले का, थकबाकी किती घरांकडे आहे, लिफ्ट आणि पंपावर किती खर्च झाला, आणि बँकेतील शिल्लक व रोख शिल्लक यांत किती अंतर आहे. कल्याण केंद्र, बालवाडी आणि संस्थेचे कार्यालय यांसाठी राखलेल्या खोल्या सध्या कोणाच्या ताब्यात आहेत, हेही विचारावे. अशा खोल्यांत कोणाचे तरी गोदाम झाल्याचे मी एकाहून अधिक इमारतींत पाहिले आहे.

सभेला घरातील पुरुषच येतात आणि पाण्याची वेळ, झाडूवाल्याच्या दांड्या, बंद पडलेले पॅसेजचे दिवे यांची खरी माहिती असलेल्या बायका घरी राहतात. घर संयुक्त नावे असल्यामुळे पहिल्या नावाची व्यक्ती नसेल तेव्हा दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला सभेत बसता आणि मत देता येते. निदान एखाद्या वर्षी पत्नीला पाठवून पाहावे. विषयपत्रिकेचा रंग बदलतो, हा माझा अनुभव आहे.

सभेत जे ठरले ते इतिवृत्तात उतरले नाही, तर ते ठरलेच नव्हते असे समजावे. म्हणून सभेनंतर इतिवृत्ताचा मसुदा सचिवाकडे लेखी मागावा. मी सचिव असताना सगळ्या इमारतीत तो मागणाऱ्या दोनच व्यक्ती होत्या, एक तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन आणि दुसऱ्या त्या गोटीवाल्या काकू, आणि त्या दोघांच्या धाकानेच मी तो वेळेवर लिहीत असे.